डावा पाय, उजवा खिसा

सँडलचा पट्टा तुटायला नेमका तोच चौक सापडला. साडेनऊला मीटिंग, नऊ वीस झालेले, आणि ती एक सँडल पायात, एक हातात अशी लंगडत लंगडत एका छोट्या बुटांच्या दुकानासमोर येऊन उभी राहिली.

आत मेणाचा आणि चामड्याचा वास होता. भिंतीवर पायांचे लाकडी साचे टांगलेले, प्रत्येकावर पेन्सिलीनं काहीबाही लिहिलेलं. खिडकीपाशी तिशीतला एक माणूस गुडघ्यांत बूट धरून शिवत बसला होता.

"दुरुस्ती होते ना इथे?"

"होते. पण आधी बसा. एका पायावर उभं राहून कुणाचं भलं झालेलं नाही."

ती बसली. त्यानं सँडल उलटी केली, अंगठ्यानं तळ चाचपला.

"बाहेरच्या बाजूनं झिजलीय. घाईत चालता तुम्ही. आणि चालताना विचार करता."

"हे सगळं सँडलवरून कळतं?"

"सँडलवरून एवढंच कळतं," तो दोऱ्याला मेण लावत म्हणाला, "बाकीचं विचारावं लागतं."

तिला हसू आलं. ते लपवायला ती पर्समध्ये फोन शोधू लागली, तर फोनच्या आधी स्क्रू ड्रायव्हर निघाला, तांब्याच्या पट्टीची गुंडाळी निघाली, आणि एक हिरवा, नखाएवढा सर्किट बोर्ड तिच्या मांडीवरून घसरून थेट त्याच्या पायाशी पडला. त्यानं तो उचलून उजेडात धरला. बोर्डाच्या एका टोकाला तांब्याची बारीक रेघ वळणं घेत गेली होती.

"ही सरळ का नाही गेली?"

गेल्या दोन वर्षांत ऑफिसात कुणी तिला हे विचारलं नव्हतं.

"जागा नाही म्हणून. हा अँटेना आहे, जवळच्या फोनशी बोलणारा. त्याला ठरावीक लांबी लागते, साधारण अर्ध्या करंगळीएवढी. आणि बोर्ड बघा केवढासा."

"म्हणजे बिचारी अंग चोरून बसलीय."

"हो..." ती म्हणाली, "अगदी तसंच."

मीटिंगला ती पंचवीस मिनिटं उशिरा पोचली, आणि तिला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही.

ती ज्या कंपनीत होती तिथे आठ माणसं लहान लहान बिनतारी उपकरणं बनवत. बॅटरी, चिप, बटणं, सगळ्यांचे संसार थाटून झाले की उरलेला कोपरा तिचा. त्या कोपऱ्यात अँटेना बसवायचा आणि तो बोललाही पाहिजे. नाही बोलला तर सगळे तिच्याकडे बघत. बोलला तर तो आहे हेही कुणाला आठवत नसे. हे काम तिला मनापासून आवडायचं. पण ते कुणाला समजावून सांगायला ती केव्हाच कंटाळली होती.

चार दिवसांनी ती पुन्हा त्या दुकानात गेली. दुसऱ्या सँडलचा पट्टाही घट्ट करून घ्यावा म्हणून, असं तिनं मावशीला सांगितलं होतं. ती मावशीकडेच राहत असे. बूटवाल्यानं पट्टा घट्ट केला, आणि ती उठायच्या आत विचारलं, "तुमचं ते हिरवं नख बुटात बसेल का?"

मागच्या खोलीच्या दारात त्याचे वडील खुर्ची टाकून पेपर वाचत होते. हे दुकान मूळ त्यांचं. मधुमेहानं त्यांच्या डाव्या पायाची जाणीव गेली होती. गेल्या वर्षी बुटात एक खडा घेऊन ते दिवसभर हिंडले. कळलंच नाही. जखम चिघळली आणि दोन बोटं काढावी लागली. तेव्हापासून मुलगा अशाच पायांसाठी बूट बनवत होता; इस्पितळातल्या पायांच्या डॉक्टरीणबाई त्याच्याकडे रुग्ण पाठवत.

"पाय बोलत नाही," तो हळू आवाजात म्हणाला, "तर बुटानं तरी बोलावं."

तिनं ऑफिसात साहेबांना गळ घातली. डॉक्टरीणबाईंना भेटली. बाई म्हणाल्या, आधी एक जोड नीट चालवून दाखवा, मग मी दहा रुग्णांना देते. तळात दाब ओळखणारी पातळ चकती, तिच्याजवळ तो बोर्ड, आणि एकाच जागी फार वेळ दाब पडला की खिशातला फोन वाजणार. ऐकायला सोपं होतं.

टेबलावर सगळं झकास चाललं. बुटात त्याच्या वडिलांचा पाय गेला आणि अँटेना मुका झाला; ती त्यांना आता काका म्हणू लागली होती.

"पाय म्हणजे खारं पाणी," तिनं बूटवाल्याला सांगितलं. "अँटेना जे बोलतो ते पायच पिऊन टाकतो. त्यात बूट डावा आणि काकांचा फोन उजव्या खिशात. मध्ये सगळे काका. फोन डाव्या खिशात ठेवायला सांगा ना त्यांना."

"डाव्या खिशात रुमाल असतो."

"मग रुमाल उजवीकडे."

"रुमाल तिथेच राहील," आतून पेपरामागून आवाज आला.

"ऐकलंत?" तो म्हणाला. "मी या घरात तीस वर्षं काढलीत."

मग तिच्या चकरा सुरू झाल्या. ती मोजणीचं यंत्र बॅगेत घालून आणायची आणि कापायच्या टेबलावर मांडायची. पडद्यावर एक रेघ आडवी जायची आणि एका जागी खोल दरीत उतरायची. दरी बरोबर खुणेवर आली की अँटेना सुरात, असं तिनं त्याला शिकवलं. तो शिवता शिवता मान लांब करून बघायचा. एकदा त्यानं बोर्डाकडे बोट नेलं, तर दरी डावीकडे सरकली.

"मी तर हातही लावला नाही."

"लावायची गरज नसते. जवळ आलात तरी तिला कळतं."

हे वाक्य तोंडातून गेल्यावर तिच्या लक्षात आलं की ते कसं ऐकू आलं असेल. तिनं पडद्यात डोकं घातलं. त्यानं हात मागे घेतला... आणि थोड्या वेळानं पुन्हा हळूच पुढे केला. दरी पुन्हा सरकली. दोघंही पडद्याकडेच बघत राहिले, फार मन लावून.

"एका बुटासाठी इतक्या चकरा?" मावशीनं एका संध्याकाळी विचारलं. "माणसाला पाय दोनच असतात ना गं?"

"काम अवघड आहे, मावशी."

"असणारच. तू केसही धुऊन जातेस."

भांडण झालं ते पोलादी पट्टीवरून. बुटाच्या तळात, टाचेपासून चवड्यापर्यंत, त्यानं वीतभर लांबीची पट्टी घातली होती. तिनं ती पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"अँटेनाच्या कुशीत एवढं लोखंड? काढून टाका ती."

"पट्टी काढली तर तळ मधोमध वाकेल. बाबांचा तोल त्या पट्टीवर आहे."

"पट्टी राहिली तर माझा अँटेना बोलणार नाही."

"मग अँटेना हलवा."

"कुठे हलवू? तू मला जागाच—"

ती थांबली. तोही थांबला. आत पेपराचं पान उलटायचं राहिलं.

"तुम्ही मला जागाच ठेवली नाहीत," तिनं वाक्य पुन्हा नीट लावलं.

तो आरीच्या टोकाकडे बघत होता. त्याचे कान लाल झाले होते. "पहिलं होतं तेच बरं होतं," तो म्हणाला.

ती त्या दिवशी निरोप न घेताच निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात समोर बोर्ड, डोक्यात पट्टी. चिडून पट्टीला नावं ठेवता ठेवता एकदम तिचं तिलाच नवल वाटलं. अँटेनाची रेघ एकटी कधी बोलत नाही. तिला पाय रोवायला शेजारी तांब्याचा पसारा लागतो. नखाएवढ्या बोर्डावर तो पसारा नव्हताच, म्हणून तर गेला महिनाभर ती रडत होती. आणि इथे वीतभर धातू आयता पडलेला, तर ती त्याच्याशी भांडत बसलेली. पट्टीपासून पळायचं कशाला? बोर्ड तिलाच जोडून टाकायचा.

दुपारी ती धावतच दुकानात पोचली. "पट्टी राहू दे," ती दारातूनच म्हणाली. "मला हवीय ती."

तो हसला नाही. त्यानं टेबलाखालून काकांचा डावा बूट काढून तिच्यापुढे ठेवला. घोट्याच्या हाडाखाली, बाहेरच्या अंगाला, चामड्याच्या दोन थरांमध्ये त्यानं एक चिमुकला खिसा शिवला होता. टाके इतके बारीक की बोटालाही लागत नव्हते.

"इथे पाय बुटाला टेकत नाही," तो म्हणाला. "रात्रभर बाबांच्या घोट्याकडे बघत बसलो होतो. आत बोट घालून बघा."

तिनं बोट घातलं. बोर्ड तिथे बसणार होता, अंग न चोरता. तिथून पट्टीपर्यंत तांब्याची एक पातळ फीत नेली, एक छोटी कॉइल बदलली, मग दुसरी. काकांनी पाय घातला. पडद्यावरची दरी थोडी डगमगली आणि खुणेवर येऊन थांबली.

खरी परीक्षा तळ्याकाठच्या रस्त्यावर. सकाळपासून भुरभुर पाऊस होता. ती म्हणाली, बरंच आहे, ओल्या बुटातही कळेल. काका पुढे, डावा पाय, उजवा खिसा. हे दोघं वीस पावलं मागे, एका छत्रीत, कारण दुसरी छत्री काकांनी नेली होती. तिच्या हातात टॅब्लेट. बूट दर सेकंदाला काकांच्या फोनला एक निरोप पाठवत होता, फोन तो टॅब्लेटला कळवत होता आणि हरवलेले निरोप ती मोजत होती.

"किती हरवले?"

"शंभरात दोन."

"तुमचा खांदा भिजतोय."

"भिजू दे. तीन."

"काय तीन?"

"तीन हरवले. तुम्ही बोललात म्हणून मी चुकले असेन."

एवढ्यात काका थांबले. उजव्या खिशातून फोन काढून त्यांनी लांब धरून वाचलं. मग बाकावर बसले, डावा बूट काढला आणि मोजा चाचपला. मोज्याची घडी पडून करंगळीखाली जाड गाठ झाली होती. तिथली कातडी लालबुंद झाली होती, पण फाटली नव्हती.

दोघं धावत पोचले. मुलगा गुडघ्यावर बसला, त्यानं पाय हातात घेतला, मोजा सरळ केला.

"मला कळलंच नसतं," काका म्हणाले. मग तिच्याकडे वळले. "पोरी, फार केलंस गं."

तिनं टॅब्लेट पुसल्यासारखं केलं.

त्यानंतरचे दोन महिने सुखाचे गेले. दहा रुग्ण, दहा जोड. प्रत्येक पाय निराळा, म्हणून प्रत्येक अँटेनाचा सूर निराळा लावायचा. प्रत्येक वेळी ती यंत्र घेऊन दुकानात. सगळे जोड वेळेवर गेले. मागे उरला एकच, ऑफिसच्या कपाटात नमुना म्हणून ठेवायचा. त्याची कुणालाच घाई नव्हती, आणि तोच काही केल्या संपेना. कधी तो म्हणायचा, गोंद ओला आहे, उद्या या. कधी ती म्हणायची, कॉइल बदलून बघते. असे तीन आठवडे गेले.

एका शनिवारी दुपारी तो जोड टेबलावर तयार होता. पॉलिशसकट. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. तिनं बॅगेतून यंत्र काढलं, मांडलं, बूट जवळ ओढला आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

"यंत्र चालू नाही केलंत," तो म्हणाला.

"नाही."

"का?"

"त्याचं काम नव्हतं म्हणून." ती टेबलाच्या कडेशी बोलत होती. "कॉइल पहिल्याच दिवशी बसली होती. बाकीचे दिवस मी... उगाच बदलत होते."

मग त्यानं बूट हातात घेतला, उगाचच आत बघितलं.

"माझा गोंद अर्ध्या तासात वाळतो," तो म्हणाला.

मागच्या खोलीत खुर्ची करकरली. काका काठी टेकत बाहेर आले, खिडकीपाशी मुलाच्या जागेवर बसले आणि चष्मा लावला.

"तिला मोजायचं काही उरलं नाही, तुला शिवायचं काही उरलं नाही," ते म्हणाले. "मी काय तुमच्या तोंडाकडे बघत बसू? दुकान बघतो मी. फिरून या जा."

बाहेर ऊन आणि वारा होता. दोघं चालू लागले, मध्ये हातभर अंतर ठेवून. ते अंतर पहिल्या वळणावर थोडं कमी झालं, दुसऱ्या वळणावर आणखी. चौकात सिग्नलला थांबताना त्यानं तिचा हात धरला. दोऱ्यानं घट्टे पडलेला अंगठा, खरखरीत आणि उबदार. तिनं बोटं गुंतवली.

"मावशी विचारतेय," ती म्हणाली, "तो बूटवाला घरी कधी येणार."

"त्यांना काय सांगू आल्यावर?"

"मला जे अजून सांगितलं नाहीस तेच सांग."

तू म्हटल्याचं तिनं या वेळी दुरुस्त केलं नाही. तो तिच्याकडे वळला, काहीतरी म्हणाला, आणि नेमक्या त्याच क्षणी समोरून एक बस भोंगा वाजवत गेली.

"काय म्हणालास?"

त्यानं इकडेतिकडे बघितलं. शेजारी भाजीच्या पिशव्या घेतलेल्या दोन बायका, एक पोस्टमन, सायकलवर टेकलेले एक आजोबा, सगळे सिग्नलची वाट बघत होते. त्यानं एक श्वास घेतला.

"म्हणालो, तू मला फार आवडतेस," तो मोठ्यानं म्हणाला. "पट्टा तुटला त्या दिवसापासून. आणि तुझ्याशी लग्न करायचंय मला, तुझी हरकत नसेल तर."

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. पोस्टमन आकाशाकडे बघू लागला. सिग्नल हिरवा झाला तरी कुणी हललं नाही.

"नाहीये हरकत," ती म्हणाली, आणि त्याला ओढतच रस्ता ओलांडू लागली.

खरं तर तिला पहिल्या वेळीच सगळं स्पष्ट ऐकू आलं होतं.