सहा नंबरच्या कॉटवरचं हृदय

"माझ्या आईला एका नर्सने मारलं. उद्या अकरा वाजता चौकशी समितीचा निकाल आहे, आणि ती सुटायला नको."

एवढं बोलून ती बाई खुर्चीच्या टोकावर बसली, बस चुकेल अशा घाईत असल्यासारखी. काकांनी नोंदवही उघडली.

काका एका गोदामात एकतीस वर्षं भांडारपाल होते. निवृत्त झाल्यावर पुतणीच्या तपासाच्या ऑफिसात येऊन बसले. तिथे आपण नक्की काय करतो हे त्यांनाही धड सांगता आलं नसतं. वहीत कोण, कुठे, किती वाजता असे तीन रकाने आखायचे आणि भरायचे, एवढं मात्र ते मन लावून करत. रकाना रिकामा राहिला की त्यांना जेवण गोड लागत नसे. पुतणीला सगळे ताई म्हणत. ती काही टिपून ठेवत नसे आणि काही विसरतही नसे, याचा काकांना थोडा रागच होता.

"पहिल्यापासून सांगा," ताई म्हणाली.

"आई शिवणकाम करायची. मूत्रपिंडं थकली म्हणून ॲडमिट केलं. सहा दिवस होती, सहा नंबरच्या कॉटवर. संडासाच्या दाराशी, भिंतीकडे तोंड. चार दिवसांपूर्वी संध्याकाळी पाच दहाला लॅबचा फोन आला, तिच्या रक्तातलं पोटॅशियम भलतंच वाढलंय. तो क्षार वाढला की हृदय बंद पडतं म्हणे. नर्स म्हणते, मी लगेच ईसीजी काढला, अगदी नॉर्मल आला. डॉक्टरला फोन केला, पुन्हा तपासायला रक्त घेतलं, मग दुसऱ्या बाईकडे गेले. पाच पन्नासला आई गेली."

"दुसऱ्या रक्ताचं काय झालं?"

"तेही नॉर्मल. आई गेल्यावर दहा मिनिटांनी रिपोर्ट आला." ती हसल्यासारखी झाली. "समिती म्हणते, तिने आईला हातच लावला नाही. कुणाचा तरी ईसीजी काढला, कुणाचं तरी रक्त लावून दिलं. तिची नोंदणी रद्द करणार आहेत. करायलाच हवी."

"तुम्ही आईला शेवटचं कधी पाहिलंत?"

"पावणेपाचला निघाले. खाली औषधाच्या दुकानात दहा मिनिटं गेली. फाटकाशी पोचून सहज वर पाहिलं, तर आईने हात हलवला. हसत होती हो. तासाभरात जाणारी बाई अशी हसते का?"

काकांनी लिहिलं: मुलगी. फाटक. चार पंचावन्न.

दुपारपर्यंत ते दोघं बायकांच्या वॉर्डात पोचले. परवानगीची चिठ्ठी मुलीने मिळवून दिली होती. वॉर्डची सिस्टर एका हाताने सलाइन लावत होती, दुसऱ्याने फोन धरत होती आणि उरलेल्या अवयवांनी ताईला उत्तरं देत होती.

"त्या दिवशी मी होते, पण पाचपर्यंतच. वरच्या मजल्यावर माणूस कमी पडलं म्हणून मला तिकडे पाठवलं आणि तिकडची एक मुलगी इकडे. या वॉर्डात तिचा पहिलाच पाय."

"चार्ज कसा दिलात?"

"यादीवरून. दोन वाजता यादी करते. कॉट एक अमुक, कॉट दोन तमुक. पाच मिनिटांत वाचून दाखवली."

"प्रत्येक पेशंटपाशी उभं राहून?"

सिस्टरने सलाइनचा थेंब मोजत ताईकडे पाहिलं. "सव्वीस पेशंट, पाच मिनिटं. तुम्ही जा बघू."

काका तोवर कॉट मोजत फिरत होते. सहा नंबरवर आता एक नवी बाई झोपली होती. काकांनी तिथे उभं राहून टिपलं: डावीकडे भिंत, उजवीकडे संडास, समोर चादरींचं कपाट. मग ते पलीकडच्या टोकाला, अकरा नंबरपाशी गेले. तिथे खिडकी होती. खाली फाटकावरचा वॉचमन स्टुलावर डुलत होता. काकांनी त्याचीही वेळ लिहून ठेवली.

अकरा नंबरवर पांढऱ्या केसांची एक आजी होती, बाहुलीएवढी.

"आजी, बरं वाटतंय ना?" ताईने विचारलं.

"हो."

"जेवण झालं ना?"

"हो."

"कुठलं झालं?" वॉर्डातली मावशी फरशी पुसता पुसता म्हणाली. "ताट यायचंय अजून. त्यांना ऐकू येत नाही. विचारायची लाज वाटते, म्हणून सगळ्याला हो."

ताई वाकली. "आजी, तुम्ही इथे नर्स आहात ना?"

"हो," आजी गोड हसून म्हणाली.

काकांना हसू आवरेना. ताई मात्र हसली नाही. तिने आजीचा हात हातात घेऊन बाही जराशी वर केली. कोपराच्या आतल्या बाजूला हिरवट निळा डाग होता, नाण्याएवढा. तिने सिस्टरकडून आजीची फाइल मागून घेतली आणि उभ्याउभ्याच चाळली. आजी पाठीच्या दुखण्यासाठी नऊ दिवस होती. फक्त गोळ्या. इंजेक्शन नाही, सलाइन नाही, रक्ताची तपासणी एकही नाही. काकांनी लिहिलं: आजी. गोळ्या.

"मावशी, ती शिवणवाली बाई कशी होती?" ताईने विचारलं.

"देवमाणूस. माझ्या ब्लाउजची बाही झोपल्याझोपल्या उसवून नीट करून दिली." मावशीचा हात फरशीवर एकाच जागी फिरत राहिला. "लेकही चांगली. जाताना माझा हात धरून म्हणाली..." ती थांबली. "म्हणाली, आईकडे बघा. मी काय बघणार, ताई? मी फरशी पुसते."

आणि बादली उचलून ती निघून गेली. बादली रिकामी होती.

डॉक्टर जिन्यातच भेटले. त्यांना दोन वॉर्ड आणि एक अपघात विभाग होता, त्यामुळे ते चालता चालताच बोलत. "तिचा फोन मला शब्दन् शब्द आठवतो. कॉट, नाव, आकडा, ईसीजी, मला काय हवंय. आकडा मी परत म्हणून दाखवायला लावला, तिने म्हणून दाखवला. इतका मुद्देसूद फोन मला वर्षातून दोनदा येतो. ईसीजी नॉर्मल, बाई आरामात, मग रक्त घेताना गडबड झाली असेल असं कुणालाही वाटेल. मी असतो तरी पुन्हा तपासायला पाठवलं असतं."

"तुम्ही आलात तेव्हा त्या कुठल्या कॉटवर होत्या?"

"मी छाती दाबत होतो. कॉटचा नंबर कशाला वाचू?"

नर्स तिच्या क्वार्टरच्या खोलीत होती. वय पंचवीस-सव्वीस. तिने दोघांना खुर्च्या दिल्या आणि स्वतः उभी राहिली, ड्यूटीवर असल्यासारखी.

"ईसीजी खरा आहे," ती म्हणाली. "त्यावर मशीनने पाच पंधरा छापलंय. मी सहा नंबरवरच काढला."

"त्याच वेळी आणखी कुणी बोलावत होतं?"

"दोन नंबरच्या बाईच्या टाक्यातून रक्त येत होतं. तिच्या नवऱ्याने आरडाओरडा चालवला होता. तरी आधी सहाकडे गेले. रक्त दाबून धरता येतं. हृदय नाही. ईसीजी नॉर्मल दिसल्यावर मगच दोनकडे गेले. समितीला हे सांगितलं."

"सहा नंबरवरच्या बाईंना नाव विचारलंत?"

"नाव घेऊन विचारलं. तुम्हीच ना त्या, म्हणून. हो म्हणाल्या."

ताई म्हणाली, "समितीला तुम्ही सगळं सांगितलेलं नाही."

"जेवढं माझं होतं तेवढं सांगितलं." नर्सने खिडकीबाहेर पाहिलं. "त्या मावशी कामावर येतात ना?"

"येतात."

"बरं," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच खाली बसली.

बाहेर आल्यावर काका म्हणाले, "पोरगी खोटं बोलत नाही. पण ईसीजीही खोटं बोलत नाही आणि बाई तर गेली. म्हणजे माझे तिन्ही रकाने भरलेत आणि बेरीज लागत नाही."

"तुमच्याच वहीत लागते, काका. फाटकाचं पान काढा."

काकांनी काढलं. पाहिलं. वही उलटी धरून पाहिलं.

संध्याकाळी पाहुण्यांच्या वेळेत ताईने वॉर्डाबाहेरच्या बाकावर चौघींना बोलावलं. मुलगी एका टोकाला बसली, नर्स दुसऱ्या टोकाला. मध्ये वॉर्डची सिस्टर. मावशी भिंतीला टेकून उभी राहिली, बस म्हटलं तरी बसली नाही.

"एक हृदय," ताई म्हणाली. "पाच पंधराला ठणठणीत. पाच पन्नासला बंद. पोटॅशियम इतकं चढलेलं असताना ठणठणीत. समिती म्हणते, ईसीजी दुसऱ्या कुणाचा तरी आहे. बरोबर आहे. पण खोटं करायचंच असतं, तर ती पुन्हा रक्त कशाला पाठवेल? आपल्याच खोट्याची तपासणी कोण करून घेतं? तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. म्हणजे तिला वाटत होतं की आपण योग्य बाईपाशी आहोत."

"आई सहा नंबरवर होती," मुलगी म्हणाली. "ही सहा नंबरवर गेली. आणखी काय?"

"तुम्ही फाटकातून आईला हात हलवताना पाहिलंत. सहा नंबरवरून भिंत दिसते, संडास दिसतो, कपाट दिसतं. काकांनी लिहून ठेवलंय. फाटक दिसतं ते अकरा नंबरवरून."

काकांनी वही मिटली.

"चार पंचावन्नला तुमच्या आई अकरावर होत्या. मग सहावर कोण? अकरावरच्या आजींची नऊ दिवसांत एकही रक्ततपासणी नाही, पण त्यांच्या हातावर सुईचा डाग आहे, चार दिवसांपूर्वीचा. दुसरं रक्त त्यांचं होतं. हृदयही त्यांचंच. आजींना ऐकू येत नाही. नाव घेऊन विचारलं की त्या हो म्हणतात. मी त्यांना नर्स आहात का विचारलं, तरी हो म्हणाल्या. यादी दोन वाजताची, अदलाबदल पाचला पाच-दहा मिनिटं कमी असतानाची, आणि पाच वाजता आलेल्या या नर्सने दोघींपैकी एकीलाही आधी पाहिलेलं नव्हतं."

"कॉट कुणी बदलली?" सिस्टरने विचारलं. तिचा आवाज पार उतरला होता.

मावशी भिंतीलाच बोलली. "मी बदलली. आजींच्या डोळ्यांवर ऊन येत होतं. म्हटलं, जाता का तिकडे? हो म्हणाल्या. दोघींना व्हीलचेअरवरून इकडून तिकडे केलं. सिस्टरांना सांगणार होते, तर त्या वर निघून गेलेल्या. मग राहूनच गेलं. ती बाई गेल्यावर आजींना परत त्यांच्या जागी नेऊन ठेवलं."

"पण तुम्ही का..." मुलगी उठली, आणि उठता उठता तिला आठवलं. काकांना ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं. आपण हे पाहिलं नसतं तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

"माझा हात धरून म्हणालात," मावशी म्हणाली. "आईकडे बघा. सहा दिवस भिंत बघतेय, जमलं तर जरा खिडकी द्या."

आत कुठेतरी ताटं लावल्याचा आवाज होत होता.

"तुला कधी कळलं?" मुलीने नर्सला विचारलं. एकेरीवर आली होती, पण त्यात राग नव्हता.

"अकरा नंबरकडून कुणीतरी हाक मारली तेव्हा. छाती दाबताना त्यांच्या मनगटावरची नावाची पट्टी दिसली." नर्सने हात मांडीवर घट्ट धरले होते. "ती पट्टी मी सहा नंबरवर वाचायला हवी होती. वाचली नाही. तुमचं नाव काय, असं विचारायचं असतं. मी नाव सांगून विचारलं. ते माझं. तेवढं समितीला सांगितलं. बाकीचं मावशींनी त्या रात्री मला सांगितलं. ते बोलले असते तर त्यांची नोकरी गेली असती, आणि खिडकीचं तुम्हाला कळलं असतं."

"मी तक्रार मागे घेते. आत्ता."

"घेऊ नका." ती प्रथमच जरा मोठ्याने बोलली. "मी गप्प बसले तेही चुकलंच. मागे घेतलीत तर उद्याही यादी दोनलाच होईल आणि चार्ज पाच मिनिटांत. सगळं लिहून द्या."

"लिहून दिलं तर काय होईल ते मी सांगते," सिस्टर म्हणाली. तिने कपाळ चोळलं. "अधीक्षक म्हणतील, मावशी कंत्राटातली आहे, उद्यापासून येऊ नको. झाली चौकशी. हिला पट्टीबद्दल शिक्षा होईलच. आणि यादी दोनलाच होईल, कारण मी एकटी आहे."

मुलीने ताईकडे पाहिलं. "तुम्ही समितीला काय लिहून देणार?"

"झालं तेच. पहिलं पान यादीचं, आणि सव्वीस पेशंट, पाच मिनिटं. मावशींचं नाव शेवटी. पण वाचणारा शेवटूनच वाचायला सुरुवात करील, हे मला माहीत आहे."

"मग खोटं लिहा."

"मग हिची नोंदणी जाते."

मुलगी परत बाकावर बसली. थोड्या वेळाने मावशी तिच्या शेजारी बसली. दोघी एकमेकींकडे न बघता बसून राहिल्या. मग पाहुण्यांची वेळ संपल्याची घंटा झाली आणि मावशी सवयीने उठून बादली घ्यायला गेली.

ताई, काका आणि ती मुलगी खाली उतरले. काकांच्या वहीत एकही रकाना रिकामा नव्हता. आज जेवण गोड लागणार नाही हे त्यांना जिन्यातच कळलं.

फाटकाशी मुलगी थांबली. वर बघायचं नाही असं तिने ठरवलेलं दिसत होतं. तरी तिने पाहिलं.

अकरा नंबरच्या खिडकीत पांढऱ्या केसांची आजी बसली होती. तिने हात हलवला.

मुलीचा हात आपोआप वर गेला. तो तिने बराच वेळ खाली घेतला नाही.

"ओळखलं असेल का हो मला त्यांनी?" तिने विचारलं.

काकाच म्हणाले, "विचारलंत तर हो म्हणतील."