मुंगीच्या आईचा नंबर

त्या दिवशी सकाळी फोननं तिला ओळखलं नाही, इथूनच सगळं सुरू झालं म्हणायचं. म्हणजे घडलं तसं काहीच नव्हतं. दूध उतू जायच्या बेतात होतं, नवरा एका पायात बूट घालून दुसरा शोधत होता, मुंगीची एक वेणी घालून झाली होती, आणि शाळेची व्हॅन कुठवर आली ते बघायला तिनं फोन उचलून तोंडासमोर धरला. एरवी असा धरला की कुलपाचं चिन्ह अलगद उघडायचं. त्या दिवशी ते नुसतं थरथरलं आणि मिटलेलंच राहिलं. तिनं कपाळावरचे केस मागे सारले, चष्मा काढून पाहिला, खिडकीकडे तोंड केलं. पुन्हा तीच थरथर. नाही म्हणून मान हलवावी तशी.

नवऱ्याला गंमत वाटली. "डोळे बघ किती सुजलेत तुझे," तो म्हणाला. "घाबरला असेल बिचारा."

ती हसली, आकडे दाबून फोन उघडला आणि दूध उतरवलं. पण ते तिला हसण्यावारी नेता येईना. कारण आदल्या संध्याकाळी तिनं काय केलं होतं, ते त्याला ठाऊक नव्हतं.

फोन मुळात तिचा नव्हता. तो मुंगीच्या आईचा होता, नवऱ्याच्या पहिल्या बायकोचा. तापाचं निमित्त झालं आणि ती बाई आठवड्याभरात गेली. फोन मात्र मागे राहिला. बंद करायचा म्हटलं तर सोपं नव्हतं. गॅस त्या नंबरवर, बँक त्या नंबरवर, मुंगीची शाळा, डॉक्टर, व्हॅन, इमारतीचं फाटकसुद्धा त्याच नंबरवर. घराच्या सगळ्या दोऱ्या एका नंबराला बांधलेल्या. लग्नानंतर नवऱ्यानं तो तिच्या हातात ठेवला तेव्हा जरा ओशाळूनच म्हणाला होता, की सगळं त्याच्यावरच आहे, बदलायला गेलं तर जन्म जाईल, तूच वापर. सासूबाईंनीही फोनवरून तेच सुचवलं. तिला तेव्हा त्यात काही वाटलं नाही. उलट घराची किल्लीच मिळाल्यासारखं वाटलं. तिनं आपला जुना फोन बंद केला आणि ह्यात आपला चेहरा नोंदवला. आधीचा एक होताच. फोननं कुरकुर न करता दुसराही ठेवून घेतला.

मग हळूहळू एकेक टोचायला लागलं.

सासूबाईंना फोन लावला की पलीकडून आवाज यायचा, "बोल गं सोन्या." तो इतका मऊ, इतका भरून आलेला, की तिचाच जीव विरघळायचा. ती बोलायला लागली की मात्र जरा थांबून, "अच्छा, तू होय." त्यांच्या फोनवर अजून मुंगीच्या आईचा फोटो यायचा. नवऱ्याच्या फोनवरही यायचा. बदलतो, बदलतो म्हणायचा आणि विसरायचा. आणि सर्वांत वाईट म्हणजे तो फोन लिहिताना शब्द सुचवायचा. तिनं 'लवकर' लिहिलं, की खाली तयार उभं असायचं: 'ये ना वेड्या'. 'जेवून घे' लिहिलं, की 'नाहीतर बोलणार नाही'. तिनं नवऱ्याला आजवर वेड्या म्हटलं नव्हतं. म्हणावंसं वाटलं होतं. पण आता म्हटलं असतं तर ते उष्टं झालं असतं.

गेलेल्या माणसाचा हेवा करू नये, हे काय तिला कळत नव्हतं? चांगली कॉलेजात शिकलेली मुलगी. पण जिवंत सवत असती तर निदान भांडता आलं असतं. हिच्याशी भांडायचं कसं? ही कधी चुकायची नाही, कधी चिडायची नाही, हिचं वजन वाढायचं नाही.

आणि मुंगी. मुंगीमुळेच तर सगळं जमलं होतं. ती स्वतः चष्म्याच्या दुकानात कामाला होती. एक दिवस लिफ्ट दुरुस्त करणारा एक थकलेला माणूस जाड भिंगांच्या मुलीला घेऊन आला. मुलगी एक मिनिट स्थिर बसेना. तिनं मग रिकामी फ्रेम स्वतःच्या नाकावर चढवली, मोठ्ठे डोळे केले, आणि मुलगी हसत असतानाच पट्टी धरून तिच्या डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजून घेतलं. त्या हसण्यावर जीव जडला. बाकीचं मागाहून. मुंगी तिच्या कुशीत झोपायची, तिच्याच हातून जेवायची, पण हाक मारायची ती 'मावशी'. घाई करू नकोस, आपोआप येईल, असं सगळे म्हणायचे. ती वाट बघत होती. रोज शाळेतून आली की त्या तोंडाकडे बघत होती. एका शब्दासाठी माणूस किती लाचार होतं, ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

आदल्या संध्याकाळी मुंगी फोनमधले आईचे जुने फोटो बघत बसली होती. पडद्याला ओठ लावून काहीतरी पुटपुटत होती. ती जवळ गेली तर मुंगीनं फोन उलटा केला. बस्स, तेवढंच झालं. मुंगी खेळायला गेल्यावर तिनं फोनची कुलपाची जागा शोधून काढली. तिथे दोन चेहरे होते. चित्रं नव्हती, नुसती नोंद: पहिला नोंदवलेला, नंतर नोंदवलेला. तिनं पहिल्यावर बोट ठेवलं. नक्की काढून टाकायचा का, असं फोननं विचारलं. तिनं हो म्हटलं. जरा जोरातच दाबलं.

आणि सकाळी फोननं तिला ओळखलं नाही.

घाईत चूक झाली असेल, आपलाच चेहरा पुसला गेला असेल, अशी तिनं मनाची समजूत घातली. पुन्हा नोंदवू, त्यात काय एवढं. तेवढ्यात मुंगीनं तिच्या हातातून फोन ओढून घेतला. स्वतःच्या तोंडासमोर नाही धरला. आतल्या खोलीकडे जाणाऱ्या बोळाच्या दिशेनं धरला, उंच, हात ताणून, मोठ्या माणसाच्या तोंडाशी येईल इतका. कुलूप उघडलं.

तिनं वळून पाहिलं. बोळात कुणी नव्हतं. हँगरवर नवऱ्याचा रेनकोट लटकत होता, तोही भिंतीकडे तोंड करून.

"कसा गं उघडलास?" तिनं हळूच विचारलं.

"मी कुठे उघडला?" मुंगी म्हणाली आणि दुसऱ्या वेणीसाठी तिच्याकडे पाठ करून उभी राहिली.

बापलेक गेले. तिनं भांडी विसळायला घेतली. फोन साखरेच्या डब्याला टेकून उभा होता, तोंड बोळाकडे. नळ बंद केला तेव्हा शांतता एकदम अंगावर आली, आणि समोरच्या खिडकीच्या काचेत तिला मागचा उजेड दिसला. फोनचा पडदा उजळला होता. कुलूप उघडलेलं होतं. तो आता विझेल, असं म्हणत ती काचेतच बघत राहिली. बघणारं कुणी नसलं की तो विझायचा. ज्याला कळतं की डोळे आपल्याकडे आहेत, असा फोन होता तो, नवऱ्यानं हौसेनं घेतलेला. मुंगीच्या आईसाठी.

तो विझेना.

तिला चेहऱ्यांतलं कळत होतं. पोटापाण्याचं कामच ते. दोन डोळे, त्यांच्यातलं अंतर, नाकाचा उंचवटा, गालांची खोली. यंत्राला एवढंच लागतं आणि एवढं लागतंच. यंत्राला भास होत नाहीत. भास तिला होत असतील. बोळातून नुकत्याच धुतलेल्या केसांचा वास येत होता, ओला, गार, साबणाचा. तिनं त्या दिवशी केस धुतले नव्हते.

उजेड काचेत जरासा हलला. म्हणजे फोन नव्हता हलला. उजेडापुढून काहीतरी हललं.

पर्स उचलून ती बाहेर पडली ती थेट रस्त्यावर. फोन घ्यायला हात पुढे करायची तिची छाती झाली नाही. दुकानात पोचल्यावर मालकीणबाईंना तिनं सांगितलं, घरी विसरला. मालकीणबाई म्हणाल्या, बरंच झालं, एक दिवस मान वर करून जग तरी बघशील. दोघी हसल्या. दिवसाच्या उजेडात, चकचकीत आरशांच्या मध्ये, सकाळचं सगळं तिलाही पोरकट वाटायला लागलं.

दुपारी मालकीणबाईंनी तिला शहराबाहेरच्या वृद्धाश्रमात धाडलं. तिथल्या आजी-आजोबांचे नवे चष्मे तयार होते, ते कानामागे नीट बसवून द्यायचे. जाताना दुकानाच्या गाडीनं सोडलं. येताना तू तुझी रिक्षा मागव, ड्रायव्हर म्हणाला. तिनंही सवयीनं हो म्हटलं. रिक्षा कशावरून मागवायची, हे डोक्यातच आलं नाही.

काम चांगलं चाललं होतं. एका आजोबांनी नवा चष्मा लावून शेजारच्या आजींना पाहिलं आणि जुनाच बरा होता म्हणाले. खोलीभर हशा पिकला. मग खिडकीशी बसलेल्या एका बारीक चणीच्या आजींची पाळी आली. तिनं चष्मा त्यांच्या नाकावर ठेवला, काड्या वाकवून बसवल्या आणि विचारलं, दिसतंय का नीट? आजींनी भिंतीवरचं कॅलेंडर धडाधडा वाचून दाखवलं. बाहेरच्या झाडावरचा पक्षी दाखवला. मग तिच्याकडे पाहिलं, आणि पाहतच राहिल्या.

"सगळं कसं स्वच्छ दिसतंय गं," त्या म्हणाल्या. "तुझा चेहराच तेवढा... पुसल्यासारखा."

तिनं भिंगं पुसली. पुन्हा लावली. आजींनी डोळे बारीक केले, मान इकडून तिकडे केली आणि उगीच तिला वाईट वाटू नये म्हणून, आता दिसतंय हो, असं म्हटलं. खोटं बोलताना माणूस दुसरीकडे बघतं. आजी दुसरीकडे बघत होत्या.

तेवढ्यात दिवे गेले. बाहेर आभाळ भरून आलं होतं, म्हणून वेळेआधीच संध्याकाळ झाल्यासारखी वाटत होती. लांबलचक व्हरांडा, फिनेलचा वास, कुठेतरी कुणाची तरी काठी टक टक करत गेलेली. आणि तिला एकदम आठवलं. मुंगी! मुंगीची यायची वेळ होत आली होती.

व्हॅनकाकांचा एक नियम होता. खाली फाटकाशी आले की ते त्या नंबरवर फोन करायचे. आईनं उचलायचा, खाली यायचं, आणि आईचा चेहरा दिसला की मगच दार उघडून मूल हातात द्यायचे. कुणी उचललाच नाही तर पोराला घेऊन पुढच्या फेरीला निघून जायचे. म्हणजे मुंगी व्हॅनमध्ये बसून राहणार. रडणार. आणि घरी आल्यावर आपल्याकडे कशी बघेल? आपली आई असती तर विसरली नसती, अशीच ना?

ती धावत कार्यालयात गेली. तिथल्या व्यवस्थापकबाईंनी मेणबत्ती लावली होती. टेबलावर जुना, वायरचा फोन होता, तो दिवे नसतानाही चालू होता. "कर की," बाई म्हणाल्या. तिनं रिसीव्हर उचलला, आणि बोट आकड्यांवर तसंच थांबलं.

नवऱ्याचा नंबर तिला येत नव्हता. कधी पाठ करायची वेळच आली नव्हती. नावावर बोट ठेवलं की लागायचा. आणि तो तरी कुठल्या तरी लिफ्टच्या अंधाऱ्या पोकळीत लटकत असणार, जिथे रेंजच नसते. व्हॅनकाकांचा येत नव्हता. सासूबाईंचा, तिच्या स्वतःच्या आईचासुद्धा येत नव्हता. सगळे त्या फोनमध्ये होते. चष्म्याच्या डबीवर दुकानाचा नंबर छापलेला होता, तो लावून पाहिला. वाजून वाजून बंद झाला.

तिला पाठ असलेला नंबर जगात एकच होता. गॅसवाल्याला, बँकेला, शाळेला, दिसेल त्याला सांगून सांगून पाठ झालेला. मुंगीच्या आईचा.

घरी कुणी नाही, हे ठाऊक असूनही तिनं तो लावला. निदान वाजू दे, म्हणाली. रिकाम्या घरात, साखरेच्या डब्याशी.

तो वाजला नाही. रेकॉर्ड केलेली बाई गोड आवाजात म्हणाली, की आपण संपर्क करू इच्छिता ती व्यक्ती सध्या दुसऱ्या कॉलवर बोलत आहे.

मेणबत्तीच्या उजेडात व्यवस्थापकबाईंनी विचारलं, "लागला का?"

"कुणाशी तरी... बोलतायत."

"मग आहे की कुणीतरी घरी."

व्हॅनकाका फोन करत असतील, म्हणून लागत नसेल, असं ती स्वतःला बजावत राहिली. पण फोन करणं वेगळं, बोलणं वेगळं. उचलल्याशिवाय बोलत आहे कसं म्हणेल? तिनं पुन्हा लावला. पुन्हा तीच बाई, तोच गोड आवाज. घाईत एकदा आकडा चुकला. तरी एक आधार होता. चेहरा बघितल्याशिवाय व्हॅनकाका मूल देणार नाहीत. चेहरा बघितल्याशिवाय नाही. व्हॅनकाका जुने होते, मुंगी पहिल्यांदा शाळेत गेली तेव्हापासूनचे. त्यांना घरातले सगळे चेहरे ओळखीचे होते.

सगळे. तिच्या आधीचासुद्धा.

आता मात्र घंटी वाजली. एकदा, दोनदा, मग वाजतच राहिली. तिनं डोळे घट्ट मिटून घेतले. उचलू नये, असं तिला वाटत होतं. घर रिकामं असू दे. मुंगी व्हॅनमध्ये रडत असू दे. वाटलं तर जन्मभर मावशी म्हणू दे.

घंटी थांबली. कानाशी आपलं घर ऐकू आलं: नळाची धार, खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि पोट धरून हसणारं कुणीतरी लहान. मग फोनपाशी तो ओळखीचा, धाप लागलेला श्वास.

"मुंगी," ती म्हणाली. "मुंगी, मी बोलतेय... राजा, कोण आहे गं तिथे?"

मुंगी ऐकत होती. ओळखू पाहत होती. मग तिनं फोन तोंडापासून लांब धरला, आणि आत कुणाला तरी हाक मारून सांगितलं,

"आई, कुणीतरी बाई आहे गं."