निम्मी पपई

जावा बेटावरच्या मालांगच्या मोठ्या बाजारात एम्बोक, म्हणजे मावशी, तुकिनेमच्या सांबालाचा, तिकडच्या मिरचीच्या ठेच्याचा, दराराच तसा होता. ती पाट्यावर मिरच्या रगडायला बसली, की समोरच्या मशिदीवरची कबुतरं मुकाट्याने पलीकडच्या गल्लीत राहायला जायची. एका जपानी सार्जंटने म्हणे त्यातला एक चमचा खाल्ला आणि दुसऱ्याच दिवशी जपान शरण गेला. या दोन गोष्टींचा काही संबंध नाही, असं शिकलेले लोक म्हणतात. त्यांनी आधी चमचाभर खाऊन बघावा आणि मग बोलावं, असं तुकिनेम म्हणायची.

प्रानोतोने परीक्षेसाठी तिचाच सांबाल निवडला, तो काही उगाच नाही.

जपानी गेले होते, प्रजासत्ताकाची घोषणा झाली होती, आणि आधीचे मालक, म्हणजे डच, इंग्रजांच्या बोटींआडून हळूच परत येऊ बघत होते. क्रांतीच्या पोरांनी फर्मान काढलं, की डचांना बाजारात काही विकायचं नाही. फर्मान सोपं होतं, पण डच ओळखायचा कसा? गावात कुणाचं नाक डच तर कातडी जावाची, कुणाचं आडनाव डच आणि तोंडवळा थेट तुकिनेमचा. तेव्हा बाजाराच्या फाटकावर बांबूचा भाला घेऊन उभ्या असलेल्या, त्या पोरांतल्याच प्रानोतोने स्वतःच्या डोक्याने तोडगा काढला. संशय आला की एक चमचा सांबाल. डोळ्यांत पाणी आलं तर माणूस डच, नाही आलं तर आपला.

मातिल्दा एका सकाळी बाजारात आली ती केवळ दारावर येणारी भाजीवाली चार दिवस फिरकली नाही म्हणून. रिमझिम होती. अंगात आईची जुनी कबाया, खाली सारोंग, आणि डोक्यावर मक्याच्या कणसासारखे पिंगट केस… ते काही केल्या रुमालाखाली राहत नव्हते.

"नोन, जरा थांबा," तिकडे तरुण मुलीला अदबीने म्हणतात तसं म्हणत प्रानोतोने चमचा पुढे केला.

तिने सांबाल खाल्ला. सावकाश, चघळून. पाणी येतंय का हे बघायला त्याने तिच्या डोळ्यांत पाहिलं, आणि परीक्षेला लागतं त्यापेक्षा जरा जास्तच वेळ पाहिलं. डोळे करडे होते आणि ठणठणीत कोरडे.

"मीठ कमी आहे, एम्बोक," ती तुकिनेमला म्हणाली. मग क्रांतीच्या पोरांना मारतात ती 'बुंग', म्हणजे भाई, अशी हाक मारत त्याच्याकडे वळली. "आणि बुंग, परीक्षक स्वतः पास झालेत ना?"

आजूबाजूच्या बायकांनी तराजू खाली ठेवले. आता प्रानोतो होता सोलोचा, आणि सोलोकडचे लोक फणसाच्या भाजीतही मूठभर गूळ घालतात. पण बाजार बघत होता, भाला हातात होता… त्याने चमचा तोंडात घातला. पुढे जे झालं त्याचं वर्णन तुकिनेम मरेपर्यंत करत होती, आणि दर वर्षी त्यात अश्रूंचा एकेक लोटा वाढत होता.

नाक पुसत त्याने वही काढली आणि, आपल्या माणसांत लिहायला नाव काय, म्हणून विचारलं. आईचं नाव सांगून सुटता आलं असतं. ते मातिल्दाच्या जिभेवर आलंही होतं.

"मातिल्दा हूकस्ट्रा," ती म्हणाली.

कुणी न विचारताच तिने बाकीचं सांगून टाकलं. वडील डच, साखर कारखान्यात बॉयलर सांभाळायचे, जपान्यांच्या छावणीत तीन वर्षं काढून आता घरी खोकत बसलेत. आई इथलीच, टेकडीवरच्या कबरस्तानात आहे.

"मग तुम्ही नेमक्या कोण?" प्रानोतोने विचारलं.

"जो येतो तो हेच विचारतो. जपान्यांनी माझ्या रक्ताचे हिस्से कागदावर मांडले होते. तुम्ही चमच्याने मोजताय. त्यातल्या त्यात तुमची पद्धत चवदार आहे."

"पण नोन, नियमाने तुम्हाला काही विकता येणार नाही."

"निम्मी तरी मी तुमची आहे ना? मग निम्मी पपई द्या."

यावर काय म्हणायचं हे कुठल्याच फर्मानात नव्हतं. प्रानोतोने डोकं खाजवलं, तुकिनेमने सुरी काढली, आणि मालांगच्या बाजारात एक नवाच कायदा सुरू झाला.

महिनाभर मातिल्दाला सगळं निम्मं मिळत गेलं. निम्मी पपई, निम्मा कोबी, निम्मं खारवलेलं अंडं. नारळाचं पाणी कुणाच्या वाट्याचं, यावर दोन दिवस खल चालला. कोंबडीचा प्रश्न कोंबडीनेच पळून जाऊन सोडवला. घरी गेल्यावर मातिल्दा आपल्या निम्म्याचे पुन्हा दोन भाग करायची, आणि वडील आपल्या पाव पपईकडे बघून म्हणायचे, की या क्रांतीला मला मारायचंय असं दिसत नाही, नुसतं बारीक करायचंय.

ती मात्र रोज जात होती. एकदा फाटकावर सर आली तेव्हा प्रानोतोने कागदी छत्री उघडून तिच्या डोक्यावर धरली. तिने हाताने ती अर्धी त्याच्याकडे ढकलली.

"नियम म्हणजे नियम, बुंग. निम्मी."

"मग नोनचा डावा खांदा भिजेल."

"तो डच आहे. त्याला सवय आहे."

तो हसला, तिने नजर दुसरीकडे नेली… छत्री निम्मीच राहिली, पण दोन खांद्यांमधलं अंतर कमी झालं, आणि शेवटी कुणीच भिजलं नाही.

मग बातमी आली. डच लोकांना बंदराकडे न्यायला शनिवारी सकाळी आगगाडी सुटणार, तिथून बोट. पोरांचा म्होरक्या वार्सो बाजारात येऊन सांगून गेला, की आता हे निम्मं-निम्मं बंद. शनिवारनंतर जो इथे राहील तो पूर्ण आपला, नाहीतर त्याने गाडीत बसावं. बोलताना त्याने मातिल्दाच्या अर्ध्या कोबीकडे असं बघितलं, जणू तो हेरगिरीला आलाय.

तो गेल्यावर मातिल्दाने तुकिनेमला सहज विचारलं, "एम्बोक, महिनाभर माझं उरलेलं निम्मं कोण नेतं? चिरलेलं कोण विकत घेतं?"

तुकिनेमने पाट्यावरून मान वर केली नाही. हनुवटीने नुसतं फाटकाकडे दाखवलं.

मातिल्दा तशीच फाटकाशी गेली.

"पपईसुद्धा तुम्हीच?"

प्रानोतो भाल्याच्या टोकाकडे बघत राहिला. "वाया गेली असती."

"आणि कोबी?"

"कोबी मला आवडत नाही," तो म्हणाला. "तरी खाल्ला."

तिला हसू आलं. म्हणजे महिनाभर ती आणि हा माणूस एकाच फळातून जेवत होते, आणि तिला पत्ताही नव्हता.

"मग शनिवारचं काय? मला थांब म्हणणार नाही?"

"नाही. सोमवारी मी आघाडीवर जातोय. मी थांब म्हटलं तर तुम्ही माझ्यासाठी थांबाल… आणि मी परत आलो नाही, तर मग तुम्ही कुणाच्या? बाजू माणसासाठी घ्यायची नसते, नोन. माणूस मरतो."

हे त्याने इतक्या साधेपणाने सांगितलं, की थट्टेला जागाच उरली नाही. मातिल्दा निम्मी पपई छातीशी धरून घरी गेली.

वडील हॉलंडमधल्या फ्रीसलंडला बहिणीकडे निघाले होते. ट्रंक भरून झाल्यावर ते म्हणाले, "तू माझ्याबरोबर यावंस, असं म्हणणं माझं कर्तव्य आहे. म्हणून म्हणतो." जरा खोकून त्यांनी पुढे जोडलं, "तिकडे वर्षातून आठ महिने आभाळ राखाडी असतं आणि मिरची अजिबात नसते. हे सांगणंही कर्तव्यच."

त्यांना सोडून द्यायचं, या विचाराने मातिल्दाला फार वाईट वाटत होतं. पण वाईट वाटणं वेगळं आणि शंका वेगळी. शंका शोधायला ती बसली, आणि नवल म्हणजे ती सापडेचना. आजवर तिला सगळ्यांनी मोजलं होतं. तू कुठे राहणार, असं कुणी विचारलंच नव्हतं. आणि विचारलं असतं तर उत्तर तिला केव्हाचंच ठाऊक होतं.

शनिवारी तिने वडिलांना गाडीत बसवलं, हातात सांबालाची बरणी दिली, आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत हात हलवला. वडील खिडकीतून बरणी हलवत होते. ती रडली, भरपूर रडली. मग तोंड धुतलं, केस रुमालाखाली न कोंबता मोकळे सोडले, आणि वाटेत एक काम उरकून बाजारात आली.

फाटकावर प्रानोतो उभा होता, आणि वही घेऊन वार्सोही.

"नाव?" वार्सोने विचारलं.

"मातिल्दा हूकस्ट्रा."

"अजूनही?"

"नाव वडिलांनी दिलंय, ते राहील. बाजू मी घेतलीय, तीही राहील. सोमवारपासून नभोवाणीवर बातम्या वाचायला जातेय, ठरवून आले. डचांना डच भाषेत सांगणार, की तुम्ही आता घरी जा. त्यांना कुठे कसं बोचतं ते मला घरातूनच माहीत आहे." तिने भाल्याकडे पाहिलं. "याच्यापेक्षा माझं डच टोकदार आहे, बुंग."

वार्सोने तिच्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, आणि पूर्ण नाव लिहून घेतलं. हूकस्ट्रा कसं लिहायचं ते तिलाच विचारून.

मग ती प्रानोतोकडे वळली.

"मी तुमच्यासाठी थांबलेली नाही, हे आधी ऐकून घ्या. तुम्ही आघाडीवरून आलात-न आलात तरी मी इथलीच."

"ऐकलं," तो हळूच म्हणाला.

"आता दुसरं. या तरी. मला कोबी एकटीला संपत नाही."

मातिल्दा तुकिनेमपुढे उकिडवी बसली आणि तिने एक अख्खी पपई मागितली. तुकिनेमने सवयीने सुरी उचलली.

"राहू द्या, एम्बोक. आज घरी चिरू. हा जेवायला येतोय."

तुकिनेमने फाटकाकडे पाहिलं. भाला भिंतीला टेकवून प्रानोतो दोन्ही हातांनी डोळे पुसत होता.

"सांबाल," तो कसाबसा म्हणाला. "सांबाल फार तिखट झालाय आज."

"अगं बाई," तुकिनेम शेजारणीला म्हणाली, "मी तर अजून मिरच्यासुद्धा निवडल्या नाहीत."