रिकामे सोडलेले गोळे

लोणखेड्यात माझ्या घराच्या पुढच्या खोलीत स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांची अभ्यासिका चालते. रंजिता पहिल्यांदा आली त्या दुपारी चालू पंख्याखाली एकच खुर्ची होती, आणि तिच्यावर नवनीत डोळे मिटून बसला होता.

"झोपायचं असेल तर घरी जा ना," ती म्हणाली.

"झोपलो नाही. राज्यघटनेची कलमं पाठ करतोय."

"मग ती उन्हातही पाठ होतील."

तो उठला, हसला... आणि पुढे वर्षभर पंख्याबाहेरच बसला.

चहा नेला की मला दिसायचं — तिने कप उचलल्याशिवाय हा आपल्या कपाला हात लावायचा नाही. बोलायचा मात्र फक्त अभ्यासाचं. दोघंही दमलेले. त्याची ही चौथी खेप. तिला म्हसावदहून वडिलांनी, लोटनभाऊंनी, बजावलेलं: यावेळी परीक्षा निघाली तर ठीक, नाहीतर दिवाळीनंतर पाहुणे बघायला येतील.

परीक्षा झाली. शंभर प्रश्न, शंभर गुण. चुकलेल्या उत्तराला पाव गुण कापतात, कोऱ्या सोडलेल्याला काही नाही. काही दिवसांनी उत्तरतालिका आली. आमच्याकडे आपली उत्तरपत्रिका कुणी स्वतः तपासत नाही. जीव अडकलेला असतो, चुकीवरही बरोबरची खूण होते. म्हणून दोघांनी आपापल्या कार्बन प्रती आणि प्रश्नपत्रिका बदलून घेतल्या.

नवनीतने तिची प्रत मोजली. पुन्हा मोजली. तिसऱ्यांदा मोजायला लागला तेव्हा तीच म्हणाली, "सांगा ना. मोजून वाढतात का?"

"एकसष्ट बरोबर, एकतीस चूक... सव्वात्रेपन्न."

क्लासवाल्यांच्या अंदाजाने निवडीला साडेपंचावन्न लागणार होते. ती खिडकीबाहेरच्या केळींकडे बघत राहिली. "शेवटचे बारा गोळे अंदाजाने भरले मी. दोनच लागले."

"का भरलेस? कोरे सोडायचे."

"कोरे सोडून घरी कोणत्या तोंडाने जाणार होते?"

मग तिने त्याची प्रत ओढली. बावन्न बरोबर, चार चूक. एक्कावन्न गुण. चव्वेचाळीस गोळे कोरे! तिने त्याची प्रश्नपत्रिका उघडली आणि तिचं बोट थांबलं. कोऱ्या सोडलेल्या अकरा प्रश्नांपुढे पेन्सिलीने बारीक खुणा होत्या. तिने तालिकेशी ताडून पाहिलं. त्यातल्या नऊ बरोबर.

"हे भरले असते तर साडेएकोणसाठ झाले असते," ती हळूच म्हणाली. आणि मग अभ्यासिकेतली तिची शुद्ध मराठी सुटलीच, घरची अहिराणी आली. "तुले येत व्हतं ना? मंग गोळा काबर नही भरा?"

"खात्री नव्हती. चुकी जातं तं?"

"तं जातं चुकी! आनखी काय काय खूण करी ठेयेल शे तू... गोळा न भरता?"

चहा गार झाला. मी खरं तर आत जायला हवं होतं, पण ट्रे घेऊन दारातच उभी राहिले.

"एकच," तो म्हणाला.

ती कानापर्यंत लाल झाली.

"मी म्हसावदले उनू तं तुन्हा बाप काय म्हनी?"

"नही म्हनी... बहुतेक."

"मंग?"

"मंग पाव गुन जाई," ती म्हणाली, आणि पिशवी उचलून दोनच्या बसला गेली.

आठवडाभर पंख्याखालची खुर्ची रिकामी होती. रविवारी नवनीत इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या दारात आला. "छबूकाकू, माझ्यासोबत याल?"

मी चपला शोधल्या. मी सतरा वर्षांची असताना एक तरुण मास्तर माझ्या वडिलांच्या ओट्यावर असाच इस्त्रीच्या शर्टात आला होता. पाण्याचा तांब्या रिकामा केला, पावसापाण्याचं बोलला आणि निघून गेला. काय विचारायला आला होता ते मला ठाऊक होतं. आजही आहे.

म्हसावदला लोटनभाऊंच्या ओट्यावर रंजितानेच पाणी आणलं. नवनीतने पेला रिकामा केला, खाली ठेवला. पाऊस, कापूस, केळीचे भाव... सगळं बोलून झालं.

तो उठला नाही.

"काका," तो म्हणाला, "मन्हं एक काम व्हतं."