आतल्या खोलीच्या दारावरचं अक्षर

हे मी कुणाला घाबरवायला सांगत नाहीये. घाबरायचं तेवढं मी स्वतः घाबरून बसले आहे. पटलं तर ऐका, नाहीतर सोडून द्या, पण "रचलेलं आहे" असं म्हणू नका. त्या खोलीत मी होते. कडीवर हात माझा होता.

साल १९९४. जुन्या पंचांगातला नववा महिना. आमचं गाव हेथांग, नदीकाठचं, कागद बनवणाऱ्यांचं.

वेळ संध्याकाळी पाच ते सात.

हो, रात्र नव्हती. खिडकीत चांगला उजेड होता.

माझे बाबा, झाय मोछिंग, शिक्के कोरायचे. आमच्याकडे सहीपेक्षा शिक्का मोठा. ज्यांच्या नावात एखादं विचित्र, कुणाला न वाचता येणारं अक्षर असायचं ते सगळे बाबांकडे यायचे. एकेका अक्षराची पाच-पाच, सात-सात रूपं बाबांना तोंडपाठ. हाडांवर कोरायचे ते वळण वेगळं, काशाच्या भांड्यांवरचं वेगळं, शिक्क्यांवरचं वेगळं. नव्या सोप्या अक्षरांवर त्यांचा भारी राग. "ही शेंडी कापलेली पोरं. ओळखू येतात, पण घराणं गेलं," म्हणायचे.

एक अक्षर मात्र ते कधी हौसेने कोरत नसत.

ज्येन.

रोजच्या शब्दकोशात तुम्हाला ते सापडायचं नाही. माणूस मेला की भूत होतो. आणि भूत मेलं की जे होतं... ते ज्येन. माणसं भुताला जशी भितात, तशी भुतं ज्येनला भितात. नुसतं अक्षर जरी दारावर दिसलं तरी पळतात. म्हणून जुने लोक ते दारावर लावायचे. नव्या वळणाचं लिहिलं तर त्याचा काही उपयोग नाही. शिक्क्यांवरच्या जुन्या वळणाचंच लागतं. बाबांनी तरुणपणी ते बोरीच्या लाकडावर कोरलं होतं. कुणाच्या घरात त्रास असला तर पिवळ्या कागदावर एक ठसा उठवून द्यायचे. मग लाकूड परत पेटीत आणि किल्ली कमरेला.

त्या वर्षी माझी आई शहरातल्या इस्पितळात होती. चार महिने. मी इकडे पोटुशी. नवरा घरजावई, पण कामाला दूर दक्षिणेत. जुन्या पंचांगाच्या सहाव्या महिन्यात मला मुलगी झाली, म्येनम्येन. बाळंतिणीने महिनाभर उंबरा ओलांडायचा नाही हा आमचा नियम. महिना झाला तर पोरीला सर्दी. सर्दी गेली तर पाऊस.

आई फोनवर एकच विचारायची, "कधी आणतेस गं?"

"आणते ना. पुढच्या आठवड्यात."

एकदा मी पोरीचं रडणं तिला फोनवर ऐकवलं. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. मग म्हणाली, "आवाज तुझ्यासारखाच आहे. कर्कश." आणि हसता हसता खोकत राहिली.

पुढच्या आठवड्यात ती गेली.

नातीचं तोंड न बघता गेली. ते माझ्यामुळे.

घराबाहेर मेलेल्या माणसाला आमच्याकडे घरात आणत नाहीत. गावाबाहेर मांडव घातला, तिथूनच डोंगरावर नेऊन पुरली. आईला स्वतःच्या घराचा उंबरासुद्धा मिळाला नाही.

आता एकच वेळ उरली होती. मेलेलं माणूस एकदा घरी येऊन जातं. कधी, ते पंचांग बघणारे निये आजोबा काढून देतात. त्यांनी बोटं मोजली आणि सांगितलं, बाराव्या दिवशी, संध्याकाळी पाच ते सात. त्या वेळी घरातल्या सगळ्यांनी बाहेर जायचं. जेवण मांडून ठेवायचं. जमिनीवर चुलीची राख चाळायची, म्हणजे आलं की नाही ते कळतं. नंतर तो रस्ता बंद.

बाबा म्हणाले, "सगळे बाहेर जातील. पोर राहील."

मला आधी कळलंच नाही. "कोण राहील?"

"म्येनम्येन. आतल्या खोलीत, पाळण्यात. तुझ्या आईला, माझ्या चिनश्यूला, नात बघू दे."

"बाबा, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? तीन महिन्यांचं पोर..."

"ती आजी आहे तिची, लांडगा नाही." मग त्यांचा आवाज एकदम उतरला. "लानफेन, तिने दुसरं काही मागितलं नव्हतं गं."

मी मान खाली घातली. शेवटी ठरलं, मी पोरीजवळ बसायचं, तोंडातून शब्द काढायचा नाही. बाबा समोरच्या अंगणात, दाराकडे पाठ करून बसणार.

एवढ्यावर राहिलं असतं तर बरं झालं असतं. पण आमची थ्येनमेई आत्या! तिच्या तोंडाला कुलूप नाही. मला स्वयंपाकघरात गाठलंच तिने.

"अगं वेडे, बाहेर मेलेलं माणूस ते. अंगात थंडी भरून येतं. प्रेमाने जरी कपाळावर हात ठेवला ना, तरी तान्हं पोर टिकत नाही. त्या ल्वोंच्या नातवाचं काय झालं, विसरलीस?"

"काय झालं?"

"तेच तर. कुणी बोलत नाही."

मी म्हटलं, "आत्या, माझी आई आहे ती."

"होती," आत्या म्हणाली.

तो एक शब्द माझ्या डोक्यातून जाईना.

बाराव्या दिवशी दुपारी बाबा आंघोळीला गेले. किल्ली खुंटीवर होती. मी पेटी उघडली. लाकडाला हिंगुळाची लाल शाई लावली. पिवळा कागद ठेवून उजव्या तळहाताने दाबला. तळहाताला शाई लागली, ती मी सदऱ्याला पुसली.

मी स्वतःला समजावत होते. सगळ्या घराला थोडीच लावतेय? एका दारालाच. आईने बाहेर यावं, जेवावं, बाबांना बघावं. आणि आईला कुठे वाचता येतं? तिला तर स्वतःचं नावही लिहिता येत नव्हतं. तिला काय कळणार?

पाच वाजता बाबांनी राख चाळली. उंबऱ्यापासून आतल्या खोलीपर्यंत, एकसारखी. टेबलावर भात, दोन उकडलेली अंडी, तिच्या आवडीचं मोहरीच्या पाल्याचं लोणचं. ते अंगणात गेले.

मी खळ लावून कागद दाराला बाहेरून चिकटवला. राखेवर पाय पडू न देता, आतल्या खोलीच्या उंबऱ्यातूनच हात लांब करून. दार लावलं. कडी घातली.

सव्वापाच...

साडेपाच...

काही नाही. म्येनम्येन जागी, मुठी चोखत पडलेली. बाहेर कागदाच्या गिरणीतलं लगदा कुटायचं मुसळ धप धप चालू होतं.

मग मुसळ थांबलं.

शेजारच्या कोंबड्या थांबल्या. नदीचा आवाजसुद्धा येईना.

आणि पुढचं दार वाजलं.

उघडल्याचं नाही... कुणीतरी दाराच्या चौकटीला हात टेकवल्याचं. आई तसंच करायची. लहानपणी तिचा डावा पाय मोडला होता, उंबरा ओलांडताना ती चौकट धरायची.

मग पाऊल. आणि मागून... सर्रर्र... ओढलेलं दुसरं पाऊल.

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. पण खरं सांगू? भीती नंतर वाटली. आधी रडू आलं. तो आवाज मी तीस वर्षं स्वयंपाकघरातून ऐकला होता.

टेबलाजवळ ती थांबली. जेवायच्या काड्या वाटीला लागल्या. हलकेच, दोनदाच. जेवायला ती आलीच नव्हती.

पाऊल... सर्रर्र.

पाऊल... सर्रर्र.

आतल्या खोलीकडे.

म्येनम्येनने मूठ तोंडातून काढली. दाराकडे मान वळवली. आणि हसली. तोवर ती कधी आवाज करून हसली नव्हती. दोन्ही हात वर केले, उचलून घ्या म्हणून.

दारापलीकडून एक आवाज आला. "अगंबाई..." असा. कौतुकाचा. माझ्या आईचा.

आणि मग...

श्वास आत ओढल्याचा आवाज. एकदम. विस्तवावर हात पडला की ओढतो तसा.

काहीतरी जमिनीवर पडलं.

मी कडीवर हात ठेवला. कागद बाहेरच्या बाजूला होता. दार उघडलं असतं, हात बाहेर काढला असता, फाडला असता. दोन क्षणांचं काम. पण दार उघडायचं म्हणजे तिच्यासमोर उभं राहायचं. आत्याचं "होती" कानात वाजत होतं. म्येनम्येन हसत होती. बाहेर नखं जमिनीवर घासत होती, आणि माझी आई विव्हळत होती. बोलत नव्हती, नुसती विव्हळत होती. लांब लांब जात होती.

मी कडी काढली नाही.

मग मुसळ पुन्हा सुरू झालं. धप, धप.

सात वाजता बाबा आत आले. मी दार उघडलं तेव्हा ते खाली वाकून राख बघत होते.

पावलं आत येताना नीट उमटली होती. एक स्पष्ट, एक फरफटलेलं. दारापासून तीन हातांवर ती एकाशेजारी एक थांबली होती. बोटं दाराकडे. तिथे राख पार विस्कटली होती. आणि परत जाताना पावलं नव्हती.

हातांचे ठसे होते. पंजे. गुडघे. माझी आई आपल्याच घरातून रांगत पळाली होती.

बाबांनी मान वर केली. कागद बघितला. मला वाटलं, थोबाडीत बसणार. बसली असती तर बरं वाटलं असतं.

त्यांनी ओलं फडकं आणलं, कडा भिजवून कागद सावकाश काढला. म्हणाले, "ठसा चांगला उठलाय."

"बाबा, मला वाटलं तिला वाचता येत नाही..."

"ते वाचायचं नसतं, लानफेन."

"ती परत येईल ना?"

त्यांनी कागदाची घडी केली. मग म्हणाले, "हे बघितलं की भुतं हजार कोस पळतात म्हणतात. माझी चिनश्यू बाजाराच्या पलीकडे कधी एकटी गेली नव्हती. तिला परतीचा रस्ता कोण सांगणार?"

त्या रात्री त्यांनी बोरीचं लाकूड चुलीत घातलं. दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी आईचं जाकीट हातात धरून ते नदीकाठी उभे राहायचे आणि हाका मारायचे. "चिनश्यू, घरी ये गं! चिनश्यू, इकडे!" आमच्याकडे हरवलेल्या जिवाला असंच बोलावतात. आधी गावातले लोक सोबत यायचे. नंतर कुणी येईना. तीन वर्षं बाबांनी हाका मारल्या. मला एका शब्दाने कधी बोलले नाहीत.

ते गेले तेव्हा मी त्यांच्यासाठी राख पसरली. एकाही दाराला काही लावलं नव्हतं. आत्याला मी घरात पायही ठेवू दिला नाही.

राख तशीच राहिली. एक रेघसुद्धा नाही.

ते घरी आलेच नाहीत. निये आजोबा म्हणाले, "तो तिला शोधायला गेला असेल." मीही तेच म्हणत राहिले. काहीतरी म्हणायला हवं ना.

म्येनम्येन आता तीस वर्षांची आहे. शहरात असते, धडधाकट आहे. आत्या मरेपर्यंत म्हणायची, "बघ, पोर वाचली की नाही?" वाचली. आणि मी तिला यातलं काही सांगितलेलं नाही.

हे सगळं आत्ता का सांगतेय? तर गेल्या थंडीत जे झालं त्यामुळे.

नदीपलीकडे एक बाई आहे, फान मावशी. मेलेल्यांना बोलावते. तिच्या तोंडून ते बोलतात. मी इतकी वर्षं गेले नव्हते, हिंमत नव्हती. आता वय झालं, म्हटलं एकदा माफी तरी मागू.

खोलीत आठ-दहा बायका होत्या. फान मावशीच्या तोंडून कुणाचा तरी सासरा बोलत होता, सुनेला दारूवरून टोमणे मारत होता. सगळ्या हसत होत्या. मी पडदा सारून आत पाऊल टाकलं...

सासरा वाक्याच्या मधेच थांबला.

फान मावशीने डोळे उघडले. इकडेतिकडे बघितलं. मग हाक मारली, एकदा, दोनदा. कुणी येईना. तिच्या कपाळाला घाम फुटला. तिने एकेका बाईकडे बघितलं आणि शेवटी माझ्यावर नजर थांबवली. माझ्या तोंडाकडे नाही, माझ्या उजव्या हाताकडे.

"बाई," ती हळूच म्हणाली, "तुम्ही जरा बाहेर बसता का?"

मी बाहेर गल्लीत बसले. थोड्याच वेळात आत सासऱ्याचा आवाज पुन्हा सुरू झाला.

मी आणखी दोनदा जाऊन बघितलं. दोन्ही वेळा तेच. शेवटच्या वेळी तिने मला दारातच हात जोडले. "येऊ नका हो. तुम्ही आलात की इथे कुणीच उरत नाही. असं मी कधी बघितलं नाही." काय आहे माझ्या हाताला, मी विचारलं. तिला सांगता येईना. मी हात उजेडात धरून बघते. म्हातारीचा हात आहे, दुसरं काही नाही.

मला वाटायचं, मेल्यावर तरी भेट होईल. बाबा भेटतील, आई भेटेल, पाय धरेन. आता झोप लागत नाही. कारण मी तिथे जाईन तेव्हा आई मला लांबूनच बघेल... आणि पुन्हा गुडघ्यांवर पडून पळत सुटेल.