मुंग्या लागलेला फोटो

"सांजच्याला पंच बसायलेत. तवर झाडं तग धरतील का?" बापूने विचारलं.

हेमाने मोसंबीचं पान चुरगाळलं. त्याचा भुगा झाला. "न्हाई धरणार."

१९८६ चा मे महिना. सेलूजवळच्या त्या गावात हेमाच्या आईची, सरजाबाईची, मोसंबीची चाळीस झाडं होती. नवऱ्यामागं तिने ती एकटीने वाढवली. आठ दिवसांपूर्वी शेजारच्या शेतातल्या तात्यारावाने तिच्या विहिरीवरच्या इंजिनाला कुलूप घातलं. म्हणे विहीर त्याच्या आजोबाची! पुरावा काय, तर एक पिवळट फोटो. विहिरीच्या काठावर पटका बांधलेला माणूस आणि खाली 'सन १९३२'. फोटो चावडीत टांगला, पंचांनी माना डोलावल्या. एकानेही तो हातात घेऊन पाहिला नाही.

हेमा, तिची मैत्रीण लीला आणि पिंगळीहून सुट्टीला आलेला मामेभाऊ बापू चावडीत शिरले.

"चौकटीत मुंग्या जायल्यात," लीला म्हणाली.

"मग?"

"मग काय? जुन्या फोटोला वाळवी लागती. मुंग्या गोडाला येत्यात."

बापूने चौकटीला नाक लावलं. "चहा हाय. हॉटेलातला, लय साखरेचा."

जवळपास फोटोवाला एकच, सेलूचा सूर्यभान. सायकल एक, माणसं तीन, ऊन डोक्यावर. पोचेपर्यंत लीलाच्या चपलेचा अंगठा तुटला.

"तात्यारावाच्या विहिरीच्या फोटोसाठी आलोत," बापू म्हणाला.

सूर्यभानने मान वर केली नाही. "आणखी एक कॉपी? चहात बुडवून जुनी करून देऊ, का साधीच?"

बापूने लगेच मान हलवली. "साधीच."

"बरं झालं. मागं घाईत शेजारच्या हॉटेलातला कपच ओतला."

"आता बिनसाखरेचा सांगत जा," लीला पुटपुटली. हेमाने तिला चिमटा काढला.

सूर्यभानने पाकीट फेकलं. "घ्या. खालची पट्टी कापायची राहिलीय."

बाहेर येऊन हेमाने कॉपी पाहिली आणि दोघांपुढे धरली. कापायच्या त्या पट्टीत तिच्या आईचं इंजिन होतं.

संध्याकाळी ते परतले तेव्हा चावडीत पंच बसले होते. "पोरासोरांचं काय ऐकता?" तात्याराव गुरगुरला. पंचांचे प्रमुख माधवराव गुरुजींनी दोन्ही फोटो शेजारी ठेवले. माणूस तोच, सावली तीच.

"तात्याराव, बत्तीस साली सरजाबाईचं हे इंजिन कुठून आलं?"

"अन् फोटोतला ह्यो आजोबा न्हाई, तात्यारावाचा भाऊ हाय," मागून कुणीतरी म्हणालं. तात्यारावाने कुलपाची किल्ली खाली ठेवली. सरजाबाईने ती उचलली आणि शेताकडे पळत सुटली.

"शाबास पोरांनो," गुरुजी म्हणाले. "गावाचं नाव राखलंत."

हेमा जागची हलली नाही. "गुरुजी, आठ दिवस माझी आई तुमच्या पाया पडायली होती. तवा एकदा तरी फोटो हातात घ्यायचा होता."



अकरा झाडं वाळली होती. उरलेल्या एकोणतिसांना पाणी द्यायला दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी स्वतः खोरं घेऊन आले. हेमाने त्यांना आधी त्या अकरा झाडांपाशी नेलं.