आईचा काळा पडदा

"यंत्र बिघडलेलं नाही, कुणीतरी बिघडवलंय," एवढं बोलून सूनबाई खुर्चीत बसली आणि रडायलाच लागली.

वकिली सोडून खाजगी तपासाच्या कामाला लागलेल्या वकीलबाईंनी पाण्याचा पेला पुढे केला. त्यांचे सोबती मास्तर छताकडे बघत बसले. कुणी रडायला लागलं की त्यांची तारांबळ उडायची.

हकिगत अशी. सासूबाईंची वाचा गेलेली, एक बोट तेवढं हलतं. थोरल्या मुलाने, म्हणजे सूनबाईच्या नवऱ्याने, त्यांच्यासाठी यंत्र बनवलं. पडद्यावर एकेक अक्षर पुढे सरकतं, प्रत्येकाला वेगळा सूर. हवं ते अक्षर आलं की बटण दाबायचं. मग थोरला अपघातात गेला. आईला सांगितलं, परगावी कामाला गेलाय. पुढे धाकट्याने यंत्रात नवा लिनक्स कर्नल बांधून घातला आणि पडदा काळाठिक्कर पडला.

"कर्नल म्हणजे?" मास्तरांनी विचारलं.

"यंत्राचा मुकादम. बटण, सूर, पडदा, सगळ्यांना तोच कामाला लावतो. दीर म्हणतात, बांधताना चूक झाली. पण ते चुकणाऱ्यातले नाहीत हो! आणि डॉक्टर म्हणतात, बोलणं तुटलं तर सासूबाई खचतील."

सूनबाईच्या घरी आधी सासूबाईंची परिचारिका भेटली, ती फणकाऱ्यातच.

"माझ्यावर संशय? आजी 'चहा गार आहे' म्हणून माझ्या तक्रारी लिहायच्या, तेच बरं होतं. आता पडदा काळा, तरी दिवसभर बटण दाबतात. रोज तेच सूर, त्याच क्रमाने. पाठ झालेत मला!"

"अगदी तेच?" वकीलबाई थबकल्या. त्यांनी मास्तरांचा टॉर्च मागून घेतला आणि एकट्याच म्हातारीच्या खोलीत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांनी डोळे पुसले. मास्तरांना वाटलं, धूळ गेली असेल.

धाकटा कामाच्या टेबलापाशी होता.

"केबल बदलली, वीज तपासली, पडदा नवा आणला. तोही काळाच."

"या टेबलावरच्या डबीत काय?" वकीलबाईंनी विचारलं.

"जुना कर्नल असलेलं कार्ड. नवं बांधण्याआधी चालतं ते जपून ठेवायचं, ही दादाची शिकवण."

"जुना सुरू होताना काय दिसायचं?"

धाकट्याने मान फिरवली. सूनबाईच म्हणाली, "'उठलीस का, आई?' ह्यांनीच घातलं होतं. सासूबाई रोज उत्तर द्यायच्या, 'उठले. तू कुठे आहेस?'"

मास्तर कुजबुजले, "परिचारिकाच! चहाचा राग."

"मास्तर, तुमचं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी."

वकीलबाईंनी परिचारिकेलाही हाक मारली.

"सूर येतात, म्हणजे मुकादम कामावर आहे. नवा पडदाही काळाच, म्हणजे दोष पडद्यात नाही. मी टॉर्च तिरका धरला आणि अक्षरं दिसली. चित्र येतंय, फक्त पडद्यामागचा दिवा लागत नाही."

"म्हणजे चूकच की!" मास्तर म्हणाले.

"चूक झाली तर माणूस आधी जुनं कार्ड परत लावून बघतो. याने नवा पडदा आणला, पण हाताशी असलेलं कार्ड डबीतून काढलं नाही. का रे? दिवा लावू नकोस, असं तूच मुकादमाला सांगितलंस ना?"

धाकट्याने डबी वकीलबाईंच्या पुढे सरकवली.

"रोज सकाळी तेच. तू कुठे आहेस? दादाच्या नावाने किती खोटं बोलू मी? त्याची ओळ काढायला बसलो आणि दिवाच बंद करून टाकला. मग पुन्हा लावायची छाती होईना. माझ्या आईचं तोंड मी बंद केलं हो!"

सूनबाईला राग यायला हवा होता. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"चल," वकीलबाई म्हणाल्या, "आई सुरांवरून रोज काय लिहिते ते वाच."

आईच्या खोलीत मास्तरांनी टॉर्च तिरका धरला. काळ्या पडद्यावर फिकट अक्षरं उमटली.

*थोरला गेला. कळलंय मला. रात्री रडणं ऐकू येतं. धाकट्या, माझ्याजवळ येऊन रड.*

धाकट्याने आईच्या हातावर डोकं टेकलं आणि लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. मास्तर पुन्हा छताकडे बघायला लागले. वकीलबाईंनी त्यांच्या हातातला टॉर्च काढून घेतला.

बऱ्याच वेळाने धाकटा उठला. त्याने जुनं कार्ड लावलं. पडदा उजळला आणि थोरल्याची ओळ आली.

*उठलीस का, आई?*

आईने बोट हलवलं. सूर वाजत गेले.

*उठले.*

सगळे पुढच्या अक्षराची वाट बघत राहिले. आईने बोट बटणावरून काढून धाकट्याच्या हातावर ठेवलं होतं.